सूत्रकृमींमार्फत होणारा वनस्पती-विषाणूंचा प्रसार आणि त्यामागील जनुकीय घटक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रावेर-यावलचा केळी बागायतदार असो, शहाद्याचा पपई उत्पादक असो किंवा धुळ्याकडे कृषी पदवीचा अभ्यास करणारा विद्यार्थी असो, ‘सूत्रकृमी’ (मातीत राहणारे दोऱ्यासारखे बारीक कृमी) आणि ‘व्हायरस’ (विषाणू) हे दोन शब्द आता सर्वांच्या बोलण्यात आहेत, आणि पुष्कळदा ते एकाच वाक्यात येतात. या दोहोंचा संबंध खरोखरच आहे. मात्र तो मोजक्या सूत्रकृमी आणि मोजक्या विषाणूंपुरताच आहे, आणि कोणत्या सूत्रकृमीशी कोणत्या विषाणूची जोडी जुळेल हे बहुतांशी विषाणूच्या जनुकसंचातील एका लहानशा भागावर ठरते. हा विषय शिकवताना आणि बांधावर बोलताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

भरिताच्या वांग्याच्या मुळांवर गाठी आहेत आणि पानांवर मोझॅकही (फिकट-गडद हिरवे चट्टे) दिसतो. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीनेच व्हायरस आणला असेल का?

नाही. सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच असल्यामुळे त्याचे उत्तर आधी देतो. मुळांवर गाठी करणारी मेलॉयडोगायनी ही सूत्रकृमी विषाणूंची वाहक नाही. तिची पिल्ले मुळात शिरतात, एका जागी स्थिरावतात, आणि मादी तेथेच फुगून अंडी घालते. एका झाडावरून उठून दुसऱ्या झाडावर जाऊन खाणे तिच्या जीवनक्रमात बसत नाही. केळीच्या मुळांत आढळणाऱ्या रॅडोफोलस, प्रॅटिलेन्कस आणि हेलिकोटिलेन्कस या सूत्रकृमी मात्र हिंडत्या आहेत, तरीही त्यांच्यापैकी एकही विषाणू वाहून नेत असल्याचे सिद्ध झालेले नाही.

आपल्या भागातील परिचित विषाणूजन्य रोगांचे वाहक जमिनीच्या वर असतात. केळीवरील कुकुंबर मोझॅक, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, तो माव्यामुळे पसरतो. केळीचा पर्णगुच्छ केळीवरील माव्यामुळे पसरतो, पपईचा रिंगस्पॉटही माव्यामुळेच, आणि मिरचीचा विषाणूजन्य पर्णगुच्छ पांढऱ्या माशीमुळे. या रोगांसाठी आळ्यात सूत्रकृमीनाशक ओतले तर रोगावर काहीच परिणाम होत नाही आणि खर्च तेवढा वाया जातो. गाठींच्या सूत्रकृमींचा बंदोबस्त जरूर करावा, कारण त्या मुळांचे स्वतंत्रपणे मोठे नुकसान करतात, परंतु त्यांच्यावर पानांवरच्या मोझॅकचा आरोप ठेवू नये.

मग विषाणू वाहून नेणाऱ्या सूत्रकृमी कोणत्या?

त्या दोन कुळांत येतात. लाँगिडोरिडी कुळातील झिफिनेमा, लाँगिडोरस आणि पॅरालाँगिडोरस या प्रजाती नेपोव्हायरस गटातील विषाणू वाहतात, तर ट्रायकोडोरिडी कुळातील ट्रायकोडोरस आणि पॅराट्रायकोडोरस यांसारख्या प्रजाती टोब्राव्हायरस गटातील विषाणू वाहतात. या सर्व सूत्रकृमी मुळाबाहेर मातीत राहतात, मुळाच्या टोकाशी येऊन पेशीत तोंडातील सुईसारखा अवयव (पुढे ‘सुई’) खुपसतात, रस शोषतात आणि पुढच्या मुळाकडे सरकतात. झिफिनेमा इंडेक्सची लांबी सुमारे ३ मिलिमीटर असते, आणि सूत्रकृमींच्या जगात हा आकार मोठा मानला जातो. ट्रायकोडोरस त्यामानाने आखूड, साधारण १ मिलिमीटरच्या आसपास, आणि जाडसर असते.

सूत्रकृमी विषाणू पसरवतात हे प्रथम १९५८ मध्ये सिद्ध झाले. कॅलिफोर्नियात ह्युइट, रास्की आणि गोहीन यांनी द्राक्षवेलीचा फॅनलीफ विषाणू झिफिनेमा इंडेक्समुळे पसरतो हे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी झा आणि पॉस्नेट यांनी स्ट्रॉबेरीवर एका झिफिनेमा सूत्रकृमीमार्फत विषाणू पसरत असल्याचे इंग्लंडमधून प्रसिद्ध केले, आणि १९६० मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी तंबाखूच्या रॅटल विषाणूचा संबंध ट्रायकोडोरिडी कुळाशी जोडला. ‘मातीतून येणारा रोग’ म्हणून कितीतरी वर्षे कोडे बनून राहिलेल्या रोगांचा उलगडा या दोन-तीन वर्षांत झाला.

विषाणू सूत्रकृमीच्या शरीरात नेमका कुठे राहतो?

तो तिच्या शरीरात भिनत नाही. अन्न ज्या मार्गाने आत जाते त्या मार्गाच्या आतील अस्तरावर विषाणूचे कण चिकटून बसतात. झिफिनेमामध्ये ते सुईच्या मागच्या भागापासून अन्ननलिकेच्या अस्तरापर्यंत आढळतात. लाँगिडोरसमध्ये ते मुख्यतः सुईच्या भोवती आणि तिच्या मार्गदर्शक आवरणाशी असतात. ट्रायकोडोरसची सुई भरीव व वाकडी असल्यामुळे तिच्यात पोकळीच नसते, म्हणून तेथे विषाणू अन्ननलिकेच्या अस्तरावर टिकतात.

हे अस्तर त्वचेचाच भाग आहे. त्यामुळे सूत्रकृमीने कात टाकली की अस्तराबरोबर विषाणूही निघून जातो, आणि पुन्हा रोगट मुळावर खाल्ल्याशिवाय ती वाहक होत नाही. विषाणू तिच्या शरीरात वाढत नाही आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाही.

टिकण्याच्या कालावधीत मात्र फार मोठा फरक आढळतो. लाँगिडोरसमध्ये विषाणू काही आठवड्यांपुरताच राहतो. उलट, फ्रान्समधील एका अभ्यासात यजमान पीक नसलेल्या मातीत ठेवलेल्या झिफिनेमा इंडेक्समध्ये फॅनलीफ विषाणू ४ वर्षांनंतरही आढळला. वेल उपटून दोन वर्षे ज्वारी घेतली म्हणजे जमीन स्वच्छ झाली, असे या रोगाबाबत समजता येत नाही ते यामुळेच. शिवाय उपटलेल्या वेलीची तुटकी मुळे खोल जमिनीत पुष्कळ काळ जिवंत राहतात आणि सूत्रकृमीला खाद्य व विषाणू दोन्ही पुरवत राहतात.

‘जनुकीय घटक’ म्हणजे कोणाची जनुके?

तिघांची: विषाणूची, सूत्रकृमीची आणि वनस्पतीची. विषाणूच्या जनुकांविषयी सर्वांत स्पष्ट पुरावा उपलब्ध आहे, म्हणून पुढील काही उत्तरे त्यावर अधिक रेंगाळतील.

वाहक कोण हे विषाणूच्या कोणत्या जनुकात लिहिलेले असते?

नेपोव्हायरस आणि टोब्राव्हायरस या दोन्ही गटांतील विषाणूंचा जनुकसंच आरएनएच्या (जनुकीय माहिती साठवणाऱ्या रेणूच्या) दोन तुकड्यांत विभागलेला असतो. पहिल्या तुकड्यात मुख्यतः विषाणूच्या प्रती काढणारी यंत्रणा असते. नेपोव्हायरसच्या दुसऱ्या तुकड्यात पेशीतून पेशीत जाण्यास मदत करणारे प्रथिन आणि कणाभोवतीचे आवरण बनवणारे प्रथिन असते.

जनुकसंचाच्या या विभागणीचा एका सुंदर प्रयोगासाठी उपयोग झाला. रासबेरी रिंगस्पॉट विषाणूचा एक प्रकार स्कॉटलंडमध्ये लाँगिडोरस इलाँगेटसमुळे पसरतो आणि दुसरा इंग्लंडमध्ये लाँगिडोरस मॅक्रोसोमामुळे. हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या प्रकारांच्या आरएनएंची अदलाबदल केली, म्हणजे एकाचा पहिला तुकडा आणि दुसऱ्याचा दुसरा तुकडा एकत्र आणून मिश्र विषाणू तयार केले, आणि १९७४ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूत्रकृमीमार्फत पसरण्याची क्षमता दुसऱ्या तुकड्याबरोबर जाते, असे त्यातून दिसले. जनुकांचा क्रम वाचण्याची आजची साधने नसतानाच्या काळात केवळ तुकड्यांची सरमिसळ करून इतका नेमका निष्कर्ष काढला गेला, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना दरवर्षी आवर्जून सांगतो.

दुसऱ्या तुकड्यातील नेमके कोणते प्रथिन निर्णायक ठरते?

नेपोव्हायरसच्या बाबतीत ते आवरण प्रथिन आहे. द्राक्षवेलीचा फॅनलीफ विषाणू आणि अरॅबिस मोझॅक विषाणू हे एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत, तरीही पहिल्याला फक्त झिफिनेमा इंडेक्स वाहते आणि दुसऱ्याला फक्त झिफिनेमा डायव्हर्सिकॉडेटम. संशोधकांनी फॅनलीफ विषाणूच्या दुसऱ्या आरएनएमध्ये अरॅबिस मोझॅकचे निरनिराळे भाग बसवून संकरित विषाणू बनवले. ज्या विषाणूंत आवरण प्रथिन फॅनलीफचे राहिले, ते झिफिनेमा इंडेक्सने वाहून नेले, आणि ज्यांचे आवरण प्रथिन बदलले, ते नेले नाहीत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामामुळे वाहकाची निवड आवरण प्रथिन एकटेच करते, हे नक्की झाले.

हे प्रथिन ५०४ अमिनो आम्लांचे (प्रथिनाच्या साखळीतील घटकांचे) आहे, आणि त्याच्या ६० प्रती एकत्र जुळून सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाचा गोलसर कण तयार होतो. पुढच्या टप्प्यात त्या प्रथिनाचा नेमका कोणता भाग महत्त्वाचा आहे याचा शोध घेतला गेला. कणाच्या पृष्ठभागावर उघडा असलेला ११ अमिनो आम्लांचा एक पट्टा बदलला तरी झिफिनेमा इंडेक्सकडून होणारा प्रसार थांबतो, असे २०१० मध्ये दिसून आले. त्याच सुमारास फॅनलीफचा एक असा प्रकार हाती आला की तो वेलीत व्यवस्थित वाढत असे, पण सूत्रकृमीमार्फत फारच कमी पसरत असे. त्याच्या आवरण प्रथिनात २९७व्या स्थानी ग्लायसीनऐवजी अस्पार्टिक आम्ल होते. दोन्ही प्रकारांच्या कणांची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिली असता ही जागा कणाच्या पृष्ठभागावरील धनभारित खळग्याजवळ असल्याचे आढळले, आणि ऋणभारित अस्पार्टिक आम्ल आल्यामुळे तेथील भार बदलतो, असे स्पष्टीकरण मिळाले. ५०४ पैकी एक अमिनो आम्ल बदलले आणि विषाणूची सूत्रकृमीवरील पकड सुटली. वनस्पतीला रोग करण्याची क्षमता आणि वाहकावर बसण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

टोब्राव्हायरसमध्येही हेच घडते का?

तेथे आवरण प्रथिनाला एका सोबत्याची गरज लागते. तंबाखूचा रॅटल विषाणू काडीच्या आकाराचा असून त्याच्या दुसऱ्या आरएनएवर आवरण प्रथिनाच्या पुढे आणखी जनुके असतात. त्यांपैकी ‘२बी’ नावाच्या जनुकाचे प्रथिन सूत्रकृमीमार्फत होणाऱ्या प्रसारासाठी आवश्यक आहे. ते जनुक निकामी केले तर विषाणू झाडात नेहमीप्रमाणे वाढतो, कणही बनतात, परंतु पॅराट्रायकोडोरस ते वाहून नेत नाही. ‘२सी’ या शेजारच्या जनुकाची गरज विषाणूगणिक बदलते: रॅटल विषाणूच्या अभ्यासलेल्या प्रकारात त्याच्यावाचून काम चालते, तर वाटाण्याच्या अर्ली ब्राउनिंग विषाणूच्या प्रकारात ते काढल्यास प्रसार घटतो.

आवरण प्रथिनाच्या टोकाला एक लवचीक शेपूट कणाबाहेर डोकावत असते. २बी प्रथिन त्या शेपटीला धरते, आणि दुसरीकडे सूत्रकृमीच्या अन्ननलिकेच्या अस्तराशी जोडले जाऊन पुलाचे काम करते, असे यावरून मानले जाते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली २बी प्रथिन विषाणूच्या कणांना लागून असल्याचे दिसले आहे. शिवाय २बी नसलेल्या विषाणूला त्याच झाडात असलेल्या दुसऱ्या विषाणूचे २बी मदत करू शकते, म्हणजे हे प्रथिन उसनेही चालते. मात्र कोणत्याही प्रकाराचे कोणत्याही प्रकाराला चालते असे नाही. याच २बीमुळे विषाणू मुळांत अधिक चांगला पसरतो, असेही आढळले आहे. वाहक मुळेच खात असल्यामुळे या दुहेरी कामाची संगती सहज लागते.

प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे जपलेला विषाणू सूत्रकृमीमार्फत पसरेनासा होतो, असे ऐकले आहे. हे खरे आहे का?

होय. टोब्राव्हायरसमध्ये हे वारंवार आढळते. रोगट पानाचा रस चोळून विषाणू झाडावरून झाडावर नेत राहिलो, तर वाहकाची गरजच उरत नाही, आणि जी जनुके फक्त वाहकासाठी आहेत ती हळूहळू गळून पडतात. निरनिराळ्या प्रकारांत दुसऱ्या आरएनएची लांबी सुमारे १,८०० ते ३,९०० न्यूक्लिओटाइडपर्यंत (आरएनएच्या साखळीतील घटक) बदलते, त्याचे एक मोठे कारण हेच. पहिला आरएनए तर आवरण प्रथिनाशिवाय एकटाही झाडात वाढतो. म्हणून शेतातून विषाणू आणला की त्याची वाहकक्षमता लवकर तपासावी.

झाडात वाढण्यासाठी ही जनुके अनावश्यक असल्यामुळे त्यांच्या जागी दुसऱ्या जनुकाचा तुकडा बसवता येतो. झाडातील एखादे जनुक शांत करून त्याचे कार्य ओळखण्यासाठी रॅटल विषाणूवर आधारलेली साधने जगभर वापरली जातात, ती याच रिकाम्या जागेमुळे शक्य झाली. टोमॅटो आणि कापूस यांसारख्या पिकांतही त्यांचा उपयोग होतो.

सूत्रकृमीच्या स्वतःच्या जनुकांचा वाटा किती?

तो आहे, आणि एकाच जातीच्या आतही तो दिसतो. झिफिनेमा डायव्हर्सिकॉडेटमच्या निरनिराळ्या देशांतील समूहांची विषाणू वाहण्याची क्षमता सारखी नसते. ब्राउन यांनी इटली आणि स्कॉटलंड येथील समूहांचा संकर करून त्यांच्या संततीची चाचणी घेतली, तेव्हा ही क्षमता आनुवंशिक असल्याचे दिसले. हे शक्य झाले, कारण त्या जातीत नर व मादी यांचे मीलन होते. झिफिनेमा इंडेक्समध्ये मात्र नर क्वचितच असतात आणि मादी मीलनाशिवाय पिल्ले देते, त्यामुळे एखादी जिवंत मादी नव्या जागी पोहोचली तरी तिच्यापासून पूर्ण समूह उभा राहू शकतो. काही मातकट मुळ्या असलेली रोपे किती धोक्याची असू शकतात, हे यावरून ध्यानात यावे.

प्रतिकारक खुंट (ज्यावर द्राक्षाचे कलम करतात तो मुळांचा भाग) वापरला तर प्रश्न सुटेल का?

अर्धाच सुटेल, आणि येथे शब्द जपून वापरावे लागतात. सूत्रकृमीला प्रतिकार आणि विषाणूला प्रतिकार या दोन वेगळ्या बाबी आहेत. व्हायटिस ॲरिझोनिका या अमेरिकी रानद्राक्षातून झिफिनेमा इंडेक्सला प्रतिकार देणारे जनुकस्थान १९व्या गुणसूत्रावर ओळखले गेले असून ते प्रजननात वापरले जाते. अशा खुंटावर सूत्रकृमीची संख्या वाढत नाही. परंतु विषाणू देण्यासाठी सूत्रकृमीने तेथे पिल्ले घालावीत अशी अट नाही, मुळात सुई खुपसून थोडे खाल्ले तरी काम होते. कॅलिफोर्नियातील ओ३९-१६ हा खुंट सूत्रकृमीला चांगला प्रतिकार करतो, तरी त्यावरील वेलींत कालांतराने विषाणू पोहोचतोच. त्याचा खरा फायदा असा की वेल विषाणू असूनही फळ धरते. विषाणूलाच प्रतिकार करणारे, दोन्ही पालकांकडून आले तरच प्रकट होणारे जनुकस्थान रिसलिंग या जुन्या द्राक्षवाणात पहिल्या गुणसूत्रावर सापडल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोन प्रकारचे प्रतिकार एकाच वेलीत आणणे ही प्रजननाची योग्य दिशा आहे, असे मला वाटते.

साक्री-सटाण्याकडील बागायतदारांना एक सूचना करावीशी वाटते. डॉगरिजसारखा खुंट गाठींच्या सूत्रकृमीला तोंड देतो म्हणून तो झिफिनेमालाही दाद देणार नाही, असे गृहीत धरू नये. प्रत्येक सूत्रकृमीचा प्रतिकार वेगळ्या जनुकांवर अवलंबून असू शकतो.

तणांचा यात काय संबंध?

लाँगिडोरसमध्ये विषाणू थोडेच आठवडे टिकतो, तरीही तो शेतात वर्षानुवर्षे राहतो, कारण तो अनेक तणांच्या बियांमधून पुढे जातो. तणाचे रोगट बी उगवले की सूत्रकृमीला पुन्हा विषाणू मिळतो. रॅटल विषाणू तर ४००हून अधिक वनस्पतींवर जगतो. अशा शेतात बेवड बदलूनही बांध तणांनी माजलेले राहिले, तर फेरपालटाचा उपयोग होत नाही.

खानदेशच्या काळ्या जमिनीत या सूत्रकृमी असतात का?

या सूत्रकृमींना हलण्यासाठी मातीच्या कणांमध्ये मोकळी जागा लागते, म्हणून त्या साधारणपणे हलक्या, रेताड किंवा पोकळ मातीत अधिक आढळतात. त्या दृष्टीने भारी काळ्या कसदार जमिनीपेक्षा तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठची गाळाची हलकी रानं आधी तपासावीत. मात्र वाहक जातीची सूत्रकृमी सापडली म्हणजे विषाणूही सापडला, असा अर्थ होत नाही. जोडी जुळावी लागते.

रोग एका शेतातून दुसऱ्या शेतात किती वेगाने जातो?

सूत्रकृमी स्वतःहून वर्षाला फार तर मीटरभर सरकते, त्यामुळे रोगाचा पट्टा शेतात गोलाकार आणि सावकाश वाढतो. दूरचा प्रवास माणूसच घडवतो. फॅनलीफ विषाणू जगभर पोहोचला तो छाटणीच्या काड्या आणि रोपांमधून. म्हणून तपासलेली, विषाणूमुक्त रोपे घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

नमुना कसा घ्यावा आणि तपासणी कशी होते?

बाधित पट्ट्याच्या मधोमध माती घेऊ नये, कारण तेथे मुळे मेलेली असतात. पट्ट्याच्या कडेला, अर्धवट खुरटलेल्या झाडांच्या मुळांजवळ १५ ते ३० सेंटिमीटर खोलीवरून, आणि वेलीच्या बाबतीत त्याहून खोलवरून, ओलसर माती बारीक मुळांसह घ्यावी. तापलेल्या चैत्र-वैशाखात कोरडी माती खरवडून पाठवू नये. या लांबट सूत्रकृमी अत्यंत नाजूक असतात, त्यामुळे पिशवी उन्हात ठेवू नये, आपटू नये, आणि नमुना लवकर पोहोचवावा. मृगबागेच्या लागवडीआधी जमीन तपासायची असेल, तर वळवाचा एखादा पाऊस पडून गेल्यावर नमुना घेणे सोयीचे पडते.

प्रयोगशाळेत चाळण्यांतून माती धुऊन सूत्रकृमी वेगळ्या करतात व सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची जात ओळखतात. त्यांच्यात विषाणू आहे का हे आरएनए तपासणीने कळते. विषाणू प्रत्यक्ष पसरतो की नाही, हे पाहण्यासाठी मात्र जुनीच पद्धत उपयोगी पडते: त्या मातीत निरोगी काकडीची रोपे वाढवतात, काही आठवड्यांनी मुळे स्वच्छ धुतात, आणि मुळांचा रस चाकवताच्या कुळातील किन्व्याच्या पानांवर चोळतात. पानांवर ठिपके उमटले की पुढील ओळख सुरू होते. मुळे नीट न धुता रस काढला, तर मुळाला चिकटलेल्या सूत्रकृमींतील विषाणूच रसात उतरतो आणि काकडीच्या मुळाला लागण झाली होती की नाही हे सांगता येत नाही, म्हणून या चाचणीत सर्वाधिक वेळ मुळे धुण्यासाठी द्यावा लागतो.